कागदी नकाशा आणि जीपीएस यांचा मेळ कसा घालावा

जीपीएस यंत्राच्या पडद्यावर पाच मीटर अचूकता दिसत असते, आकाश मोकळे असते, उपग्रहही भरपूर सापडलेले असतात, आणि तरीही यंत्रावर वाचलेले आकडे कागदी नकाशावर मांडले की आपण उभे असलेला पूल बाजूला राहून बिंदू दीडशे मीटर अलीकडच्या शेतात पडतो. अशा वेळी संशय आधी यंत्रावर जातो आणि मग नकाशावर. प्रत्यक्षात दोघेही बरोबर असू शकतात. ते एकच जागा दोन निरनिराळ्या मोजपट्ट्यांनी मोजत असतात, आणि मापे जुळवून घेण्याचे काम आपण केलेले नसते.

हे काम अवघड नाही, मात्र ते ठरावीक क्रमाने आणि प्रवासाला निघण्यापूर्वी, टेबलावर बसून करावे लागते. त्यामागचे सूत्र साधे आहे. कागदावर छापलेली रेषा हलवता येत नाही, यंत्रातली मांडणी बदलता येते; म्हणून नकाशा प्रमाण मानायचा आणि यंत्र त्याच्या भाषेत बोलायला लावायचे.

२००० सालापर्यंत या बाबीकडे दुर्लक्ष झाले तरी फारसे बिघडत नसे. नागरी वापराच्या जीपीएस संकेतात अमेरिकेने मुद्दाम मिसळलेली चूक शंभर मीटरपर्यंत जात असे, त्यामुळे मांडणीतली चूक तिच्याखाली झाकली जाई. मे २००० मध्ये ही मिसळ बंद झाली, साध्या यंत्राची चूक काही मीटरवर आली, आणि तेव्हापासून नकाशावर दिसणारा शे-दोनशे मीटरचा फरक बहुधा उपग्रहांचा नसून आपल्या मांडणीचा असतो.

डेटम म्हणजे काय

अक्षांश आणि रेखांश ही जमिनीवर कोरलेली चिन्हे नाहीत. पृथ्वी काहीशी ओबडधोबड असल्याने मोजणीसाठी तिच्या जागी एक गुळगुळीत, ध्रुवांकडे किंचित चपटा असा गणिती गोल कल्पावा लागतो. हा गोल केवढा आणि किती चपटा धरायचा, आणि तो खऱ्या पृथ्वीवर नेमका कसा बसवायचा, या दोन निर्णयांच्या जोडीला डेटम म्हणतात. निर्णय बदलले की त्याच जागेचे अक्षांश-रेखांशही बदलतात.

उपग्रहांच्या आधीच्या काळात प्रत्येक मोजणी खात्याने आपल्या प्रदेशाला चपखल बसेल असा गोल निवडला. ब्रिटनने एअरी १८३०, भारतीय उपखंडाने एव्हरेस्ट १८३०, मध्य युरोपच्या बऱ्याच भागाने आणि जपानने बेसेल १८४१, तर उत्तर अमेरिकेने क्लार्क १८६६ हा गोल घेतला. मग तो एखाद्या आरंभबिंदूपाशी जमिनीला टेकवला गेला. अमेरिकेच्या १९२७ च्या डेटमसाठी हा बिंदू कॅन्ससमधील मीड्स रँच येथे होता. अशा गोलाचा मध्य पृथ्वीच्या मध्याशी जुळत नसे आणि तो जुळावा अशी गरजही नव्हती. जीपीएस मात्र डब्ल्यूजीएस ८४ हा डेटम वापरते. त्याचा मध्य पृथ्वीच्या वस्तुमानाच्या मध्याशी आहे आणि विषुववृत्तावरील त्रिज्या ६३,७८,१३७ मीटर धरलेली आहे.

या दोन पद्धतींतील अंतर प्रदेशागणिक बदलते. ब्रिटनच्या जुन्या डेटमवरील अक्षांश-रेखांश डब्ल्यूजीएस ८४ पासून साधारण शंभर मीटर सरकलेले असतात. ऑस्ट्रेलियात १९६६ चा डेटम सुमारे दोनशे मीटर दूर आहे, तर जुन्या टोकियो डेटममध्ये टोकियोजवळ हा फरक चारशे मीटरांहून अधिक होतो. १:२५,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे २५ मीटर, म्हणजे शंभर मीटरचा फरक कागदावर चार मिलिमीटर आणि चारशेचा सोळा मिलिमीटर भरतो. दरीच्या एका काठावरून दुसऱ्या काठावर जाण्यास एवढे पुरेसे असते.

ग्रीनिचच्या वेधशाळेत शून्य रेखांशाची प्रसिद्ध धातूची रेषा आहे. तिच्यावर जीपीएस घेऊन उभे राहिल्यास यंत्र शून्य दाखवत नाही. यंत्राचा शून्य रेखांश तिथून सुमारे १०२ मीटर पूर्वेस, बागेतून जातो. जुन्या खगोलवेधांसाठी ‘उभी’ दिशा स्थानिक गुरुत्वाकर्षणावरून ठरवत, आणि ती पृथ्वीच्या मध्याकडे तंतोतंत रोखलेली नसते, हे या अंतराचे मुख्य कारण आहे.

पहिली पायरी: नकाशाचा समास वाचणे

नकाशा उलगडून आधी मधला भाग नव्हे, तर कडेचा मजकूर वाचावा. अमेरिकेच्या १:२४,००० प्रमाणाच्या स्थलनिर्देशक नकाशांवर ही माहिती सहसा खालच्या डाव्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत असते. इतरत्र ती सूचीच्या आसपास किंवा खालच्या पट्टीत सापडते. शोधण्याच्या गोष्टी अशा: डेटमचे नाव, गोलाचे नाव, प्रक्षेपण (गोल पृथ्वी सपाट कागदावर उतरवण्याची पद्धत), मीटरच्या जाळीचे नाव आणि तिचा पट्टा, उत्तर दिशांची आकृती व तिच्यावरचे वर्ष, प्रमाण, आणि समोच्च रेषांची उंची मीटरमध्ये आहे की फुटांमध्ये.

एकाच नकाशावर दोन जाळ्या असणे ही नेहमीची गोष्ट आहे. कडेला अक्षांश-रेखांशांची वृत्तजाळी असते आणि आतल्या भागावर किलोमीटरची चौकोनी जाळी छापलेली असते. क्वचित दोन डेटमही असतात. अमेरिकेच्या काही नकाशांवर मुख्य रेखाटन १९२७ च्या डेटमवर असून कोपऱ्यांजवळ १९८३ च्या डेटमची तुटक खूण दिलेली आढळते. त्या खुणेवरून डेटम ठरवू नये. नकाशा कोणत्या डेटमवर काढला आहे, हे सांगणारे वाक्यच शोधावे. जुन्या फ्रेंच नकाशांचा बेत आणखी वेगळा असतो, कारण तेथे रेखांश ग्रीनिचऐवजी पॅरिसपासून मोजलेले असू शकतात आणि कोन अंशांऐवजी ग्रेडमध्ये असू शकतात. पॅरिसचा रेखांश ग्रीनिचच्या पूर्वेस २° २०′ १४″ असून काटकोनात ९० अंश, पण १०० ग्रेड भरतात.

सापडलेली माहिती नकाशाच्या मागच्या बाजूस पेन्सिलीने ठळक लिहून ठेवावी. वाऱ्यात, अर्धवट उजेडात, घडी घातलेल्या नकाशाचा कोपरा शोधत बसण्यापेक्षा ते पुष्कळ सोयीचे पडते.

दुसरी पायरी: यंत्रात डेटम बसवणे

हातात धरण्याच्या बहुतेक यंत्रांत ‘सेटअप’मध्ये ‘पोझिशन फॉरमॅट’ नावाचे पान असते आणि तेथे तीन नोंदी दिसतात: आकड्यांची मांडणी, नकाशाचा डेटम आणि गोल. नकाशावर जे नाव आहे तेच डेटमच्या यादीतून निवडावे. गोल बहुधा त्यासोबत आपोआप बदलतो, तरीही एकदा पाहून घ्यावा. यादीतील नावे आखूड केलेली असतात आणि एकाच नावाच्या डेटमचे प्रदेशानुसार अनेक प्रकार असतात, त्यामुळे आपल्या प्रदेशाचा प्रकार निवडण्याकडे लक्ष द्यावे.

काही नावांतला फरक मात्र कागदावर दिसण्याजोगा नसतो. अमेरिकेचा १९८३ चा डेटम आणि डब्ल्यूजीएस ८४ यांत एक-दोन मीटरचे अंतर आहे. ऑस्ट्रेलियाच्या १९९४ आणि २०२० च्या डेटममध्ये १.८ मीटरच्या आसपास अंतर पडते, कारण तो भूखंड दरवर्षी सुमारे सात सेंटिमीटर सरकतो. पेन्सिलीचा अर्ध्या मिलिमीटरचा ठिपकाच १:५०,००० च्या नकाशावर २५ मीटर जागा व्यापतो, तेव्हा पायी जाणाऱ्याने अशा फरकांची चिंता करण्याचे कारण नाही.

येथे एक सापळा आहे, आणि माझ्या मते या सबंध विषयात सर्वाधिक फसवणूक तोच करतो. यंत्र आपल्या स्मृतीत प्रत्येक बिंदू डब्ल्यूजीएस ८४ मध्येच साठवते. आपण निवडलेला डेटम केवळ दाखवताना आणि टंकलेले आकडे स्वीकारताना वापरला जातो. त्यामुळे यंत्राने स्वतः नोंदलेली जागा कोणत्याही डेटमवर असताना नोंदली तरी बरोबर राहते आणि नंतर मांडणी बदलली की तिचे आकडे नव्या डेटमप्रमाणे दिसू लागतात. परंतु नकाशावरून वाचलेले आकडे चुकीचा डेटम निवडलेला असताना यंत्रात भरले, तर बिंदू कायमचा चुकीच्या जागी साठवला जातो. चूक ध्यानात आल्यावर डेटम बदलला, तर पडद्यावरचे आकडे बदलतील आणि सुधारणा झाल्यासारखे वाटेल, पण जमिनीवरची जागा तीच चुकलेली राहील. असा बिंदू पुसून, योग्य डेटम निवडून, नव्याने भरणे हाच उपाय आहे. म्हणूनच एकही आकडा भरण्याआधी मांडणी पूर्ण झालेली असावी.

तिसरी पायरी: अंश, मिनिटे आणि सेकंद

अक्षांश-रेखांश लिहिण्याच्या तीन पद्धती रूढ आहेत आणि तिन्ही दिसायला फसव्या सारख्या आहेत. ४६° ३०′ ३०″, ४६° ३०.५००′ आणि ४६.५०८३३° हे तीनही आकडे एकाच अक्षांशाचे आहेत. मधला आकडा घाईत ४६° ३०′ ५०″ असा वाचला, तर वीस सेकंदांची, म्हणजे सहाशे मीटरांहून अधिक चूक होते. तोच आकडा दशांश अंश समजून ४६.३०५ असा भरला, तर चूक साडेबावीस किलोमीटरच्या आसपास जाते. मोठी चूक निदान लगेच नजरेस येते. सहाशे मीटरची चूक मात्र धुक्यात लपून राहते.

नकाशाच्या कडेला खुणा ज्या पद्धतीने लिहिल्या आहेत तीच पद्धत यंत्रात निवडावी. कडेला मिनिटे व सेकंद असतील तर यंत्रातही तेच असावे, म्हणजे डोक्यात रूपांतर करण्याची वेळ येत नाही. अक्षांशाचा एक अंश म्हणजे साधारण १११ किलोमीटर, एक मिनिट म्हणजे सुमारे १,८५० मीटर आणि एक सेकंद म्हणजे सुमारे ३१ मीटर. रेखांशाची ही अंतरे ध्रुवांकडे जाताना कमी होत जातात आणि ६० अंश अक्षांशावर निम्मी राहतात, म्हणून अक्षांशाची पट्टी रेखांशाला लावू नये.

हेच हिशेब आकडे किती घ्यायचे हेही ठरवतात. दशांश अंशांत पाचवे स्थान सुमारे एक मीटरचे, दशांश मिनिटांत तिसरे स्थान दोन मीटरांहून किंचित कमी आणि सेकंदांत पहिले दशांश स्थान तीन मीटरचे असते. त्यापुढचे आकडे लिहिल्याने अचूकता वाढत नाही. गोलार्धाचे अक्षर किंवा उणे चिन्ह विसरले, तर बिंदू दुसऱ्या खंडात जाऊन पडतो. ही चूक मोठी असली तरी पकडायला सोपी आहे.

चौथी पायरी: मीटरची जाळी वापरणे

नकाशावर किलोमीटरची जाळी छापलेली असेल, तर माझा सल्ला अक्षांश-रेखांश सोडून तीच वापरण्याचा आहे. तिचे चौकोन सर्वत्र सारखे असतात, अंतर पट्टीने थेट मोजता येते आणि प्रत्येक आकड्याचा अर्थ मीटर असतो.

सर्वांत प्रचलित जाळी यूटीएम (युनिव्हर्सल ट्रान्सव्हर्स मर्केटर) ही आहे. तिच्यात पृथ्वीचे सहा अंश रुंदीचे ६० पट्टे केलेले असून ते १८० अंश पश्चिमेपासून पूर्वेकडे मोजले जातात. जाळी ८० अंश दक्षिण ते ८४ अंश उत्तर एवढ्याच भागासाठी आहे. प्रत्येक पट्ट्याच्या मध्यरेखेला ५,००,००० मीटर हा पूर्वांक, म्हणजे पूर्व-पश्चिम अंतराचा आकडा, दिलेला असतो, म्हणजे पश्चिमेकडेही उणे आकडे येत नाहीत. उत्तरांक, म्हणजे उत्तर-दक्षिण अंतराचा आकडा, विषुववृत्तापासून मोजतात. दक्षिण गोलार्धासाठी विषुववृत्तालाच १,००,००,००० मीटर धरतात. पट्टा ३२, पूर्वांक ४,३७,२५० आणि उत्तरांक ५१,५०,६४० असे यंत्रावर दिसले, तर त्याचा अर्थ असा की आपण त्या पट्ट्याच्या मध्यरेखेच्या सुमारे ६३ किलोमीटर पश्चिमेस आणि विषुववृत्ताच्या सुमारे ५,१५१ किलोमीटर उत्तरेस आहोत.

हा बिंदू १:५०,००० च्या नकाशावर मांडताना आधी कडेवर ठळक छापलेले ३७ आणि ५० हे आकडे शोधावे. त्या उभ्या व आडव्या रेषा जेथे एकमेकींना छेदतात, तो आपल्या चौकोनाचा नैऋत्य कोपरा असतो. तेथून पूर्वेकडे २५० मीटर म्हणजे पाच मिलिमीटर आणि उत्तरेकडे ६४० मीटर म्हणजे जवळपास तेरा मिलिमीटर मोजले की बिंदू मिळतो. पारदर्शक प्लॅस्टिकची मोजपट्टी नकाशाच्या नेमक्या प्रमाणाची असावी; १:२५,००० ची पट्टी १:५०,००० च्या नकाशावर लावण्याची चूक अनुभवी माणसांकडूनही होते.

आधी पूर्वांक, मग उत्तरांक हा क्रम कधीही बदलू नये. अक्षांश-रेखांशांत याच्या उलट, आधी उत्तर-दक्षिण आणि मग पूर्व-पश्चिम असे लिहिण्याची रीत आहे, त्यामुळे एका पद्धतीतून दुसरीत जाणारा माणूस येथे हमखास अडखळतो. स्वित्झर्लंडच्या जुन्या जाळीने यावर सुंदर तोड काढली होती. बर्नच्या आरंभबिंदूला ६,००,००० आणि २,००,००० असे आकडे दिल्यामुळे त्या देशात पूर्वांक नेहमी उत्तरांकापेक्षा मोठाच येतो आणि अदलाबदल झाली तरी लगेच कळते. नव्या जाळीत त्याच बिंदूला २६,००,००० आणि १२,००,००० असे आकडे आहेत, म्हणजे सहा अंक दिसले की जुनी जाळी आणि सात दिसले की नवी.

सहा अंकी संदर्भ द्यायचा असल्यास वरचा बिंदू ३७२ ५०६ असा लिहिला जातो आणि तो शंभर मीटरचा चौकोन दाखवतो. येथे उरलेले अंक गाळायचे असतात, जवळच्या पूर्णांकात बदलायचे नसतात, कारण संदर्भ चौकोनाच्या नैऋत्य कोपऱ्याचा असतो. असा संदर्भ दर शंभर किलोमीटरवर पुन्हा येतो, म्हणून त्यासोबत नकाशाचे नाव किंवा शंभर किलोमीटरच्या चौकोनाची दोन अक्षरे द्यावी लागतात.

पट्ट्याच्या आकड्यानंतर यंत्र एक अक्षर दाखवते, ते आठ-आठ अंशांच्या आडव्या पट्टीचे असते. या अक्षरांत ‘एस’ हे उत्तर गोलार्धातल्या एका पट्टीचे अक्षर आहे, दक्षिणेचे नव्हे. काही संगणकीय साधने मात्र तेच अक्षर ‘दक्षिण’ या अर्थाने घेतात. शंका असेल तेथे गोलार्ध शब्दांत लिहावा.

ब्रिटिश ग्रिडसारखी राष्ट्रीय जाळी असल्यास यंत्राच्या यादीत तिचे नाव शोधावे. काही यंत्रे ती निवडताच तिच्याशी निगडित डेटमही आपोआप लावतात, हे सोयीचे आहे. पण नंतर पुन्हा अक्षांश-रेखांशांवर आल्यावर डेटम मागचाच राहून गेलेला असू शकतो, म्हणून मांडणी बदलताच दोन्ही नोंदी तपासाव्यात.

पाचवी पायरी: तीन उत्तर दिशा

जागा जुळली तरी दिशा जुळेलच असे नाही. खरी उत्तर दिशा उत्तर ध्रुवाकडे जाते, चुंबकीय उत्तर होकायंत्राची सुई दाखवते, आणि ग्रिड उत्तर जाळीच्या उभ्या रेषांची असते. नकाशाच्या समासातली आकृती या तिघींमधले कोन सांगते. यूटीएम पट्ट्याच्या मध्यरेखेवर ग्रिड उत्तर आणि खरी उत्तर एकच असतात, तर पट्ट्याच्या कडेला, ४५ अंश अक्षांशावर, त्यांच्यात दोन अंशांहून किंचित अधिक फरक पडतो. चुंबकीय फरक प्रदेशानुसार याहून पुष्कळ मोठा असू शकतो आणि तो दरवर्षी बदलतो. म्हणून आकृतीवरचे वर्ष पाहून, वार्षिक बदल गुणिले गेलेली वर्षे, एवढी दुरुस्ती करावी. नकाशा फार जुना असेल तर या गुणाकारावर विसंबू नये, चालू चुंबकीय प्रारूपातून नवा आकडा घ्यावा. हे जागतिक प्रारूप दर पाच वर्षांनी नव्याने प्रसिद्ध होते.

एक अंशाची चूक पाच किलोमीटरवर सुमारे ८७ मीटरची होते. यंत्रात ‘नॉर्थ रेफरन्स’ या नोंदीखाली कोणती उत्तर निवडावी, हे हातातल्या कामावर अवलंबून आहे. नकाशावर कोनमापक ठेवून जाळीच्या रेषेपासून दिशांश (उत्तरेपासून मोजलेला दिशेचा कोन) मोजणार असाल, तर यंत्रातही ग्रिड उत्तर ठेवावी. यंत्राने दिलेला दिशांश घेऊन साध्या होकायंत्राने चालणार असाल, तर चुंबकीय उत्तर ठेवणे सोपे. दोन सोबत्यांच्या यंत्रांत दोन निरनिराळ्या नोंदी असतील, तर एकमेकांना सांगितलेला दिशांश निरुपयोगी ठरतो, हे निघण्यापूर्वीच जुळवून घ्यावे. कोनाचे एककही पाहावे, कारण काही यंत्रांत वर्तुळाचे ३६० अंशांऐवजी ६,४०० मिल निवडलेले असतात.

उंचीबाबत थोडक्यात एवढेच, की उपग्रहांवरून मिळणारी मूळ उंची गणिती गोलापासूनची असते आणि नकाशावरची समुद्रसपाटीपासूनची. दोहोंतला फरक जगात सुमारे उणे १०६ मीटरपासून अधिक ८५ मीटरपर्यंत आहे. बहुतेक यंत्रे ही दुरुस्ती स्वतः करतात. काही फोनमधील ॲप मात्र कच्ची उंची दाखवतात. समोच्च रेषेवरून स्वतःची जागा ठरवण्याआधी हे तपासणे गरजेचे आहे.

सहावी पायरी: ओळखीच्या जागी पडताळा

एवढे झाल्यावर मांडणी बरोबर आहे असे गृहीत धरू नये. नकाशावर नेमकी ओळखता येईल अशी जागा निवडावी: दोन रस्त्यांची फुली, पुलाचे टोक किंवा त्रिकोणमापनाचा स्तंभ. नदीचे वळण किंवा जंगलाची कड घेऊ नये, त्या हलतात. रस्त्याच्या मध्यरेषेबाबतही सावध राहावे, कारण नकाशावर एक मिलिमीटर जाड दिसणारा रस्ता १:५०,००० वर ५० मीटर रुंद होतो आणि शेजारची चिन्हे त्याला जागा करून देण्यासाठी थोडी सरकवलेली असतात. त्या जागी काही मिनिटे थांबून वाचन स्थिर होऊ द्यावे, आकडे नकाशावर मांडावे, आणि जमल्यास हेच दुसऱ्या, दूरच्या जागी करावे.

फरक आढळला तर त्याचा आकार आणि दिशा रोगाचे नाव सांगतात. शंभर ते काहीशे मीटरचा फरक दोन्ही जागी एकाच दिशेने असेल, तर डेटम चुकला आहे. अमेरिकेत यूटीएम वापरताना बिंदू सुमारे दोनशे मीटर उत्तर-दक्षिण सरकलेला दिसला, तर १९२७ आणि १९८३ च्या डेटमची अदलाबदल झाल्याचे जवळपास नक्की समजावे. सुमारे एक किलोमीटरपर्यंतचा, प्रत्येक जागी वेगळा भरणारा फरक बहुधा सेकंद आणि दशांश मिनिटे यांच्या गोंधळातून येतो. वीस-तीस किलोमीटरचा फरक अंशांच्या दशांशांतून, तर शेकडो किलोमीटरचा चुकीच्या पट्ट्यातून येतो. वीस-तीस मीटरचा आणि दर वेळी दिशा बदलणारा फरक मांडणीचा नसतो. तो झाडी, कडे किंवा इमारतींवरून परावर्तित झालेल्या संकेतांचा असतो. जागा बरोबर पण चालताना वाट हळूहळू एका बाजूला सरकत असेल, तर उत्तर दिशेची नोंद पाहावी. आणि नकाशा जर झेरॉक्स असेल, तर आधी त्याच्या किलोमीटरच्या चौकोनाला पट्टी लावावी. प्रत काढताना प्रमाण बदललेले असणे अगदी सामान्य आहे.

डेटम लिहिलेला नसेल तर

जुन्या आणि पर्यटकांसाठी छापलेल्या नकाशांवर डेटमचे नाव अनेकदा नसते. अशा वेळी नकाशाच्या निरनिराळ्या कोपऱ्यांतील तीन-चार नेमक्या जागांचे डब्ल्यूजीएस ८४ मधील आकडे घ्यावे, तेच बिंदू नकाशावरून वाचावे आणि दोहोंतील पूर्व-पश्चिम व उत्तर-दक्षिण फरक लिहून काढावे. सगळीकडे फरक साधारण सारखा आला, तर त्या प्रदेशात वापरात असलेले जुने डेटम एकेक करून यंत्रात निवडून पाहावे. ज्याने फरक नाहीसा होतो तो आपला डेटम. कुठलाच जुळला नाही, तर सरासरी फरक नकाशावर लिहून प्रत्येक वाचनात हाताने मिळवावा. काही जुन्या सागरी नकाशांवर अशीच सूचना छापलेली असते, की उपग्रहावरून मिळालेली जागा अमुक मिनिटे उत्तरेस व तमुक मिनिटे पूर्वेस सरकवून मांडावी. फरक प्रत्येक कोपऱ्यात वेगळा आला, तर तो नकाशा दिशा समजण्यापुरता वापरावा, अचूक जागेसाठी नाही.

यंत्रात ‘यूजर डेटम’ भरण्याची सोय असते. तीन अक्षांवरील सरक आणि गोलाच्या आकाराचे दोन फरक, असे पाच आकडे तेथे लागतात. हे आकडे स्थानिक डेटमकडून डब्ल्यूजीएस ८४ कडे जाणारे आहेत की उलट दिशेचे, हे पाहणे महत्त्वाचे. चिन्हे उलटी पडली की दुरुस्ती होण्याऐवजी चूक दुप्पट होते.

आकडे दुसऱ्याला देताना

जीपीएक्स (जीपीएसचे बिंदू व वाटा साठवण्याची फाइल) या प्रकारच्या फाइलमधील अक्षांश-रेखांश नेहमी डब्ल्यूजीएस ८४ मध्ये आणि दशांश अंशांत असतात, म्हणून दोन यंत्रांमध्ये बिंदू द्यायचे असतील तर वाचून दाखवण्यापेक्षा फाइल पाठवणे निर्धोक आहे. फोनवर किंवा बिनतारी संचावर तोंडी सांगण्याची वेळ आली, विशेषतः मदत मागवताना, तर आधी डेटम, मग पद्धत, मग आकडे असा क्रम ठेवावा. उदाहरणार्थ, ‘डब्ल्यूजीएस ८४, अंश आणि दशांश मिनिटे, उत्तर चार सहा अंश, तीन शून्य दशांश पाच शून्य शून्य मिनिटे’ असे प्रत्येक अंक सुटा उच्चारून सांगावे, ऐकणाऱ्याला तेच पुन्हा म्हणून दाखवण्यास सांगावे, आणि त्यानंतर जागेचे शब्दांतले वर्णन जोडावे: कोणत्या नदीच्या कोणत्या काठावर, कोणत्या शिखराच्या कोणत्या दिशेला. आकडे आणि वर्णन जुळले नाही, तर शोधणाऱ्याला चूक कोठे झाली असेल याचा अंदाज निदान वर्णनावरून बांधता येतो.